कॅमेलिऑनचं पिल्लू किडे खात नाही? आधी थर्मामीटर बघा, मग रातकिडे

मार्च संपत आला की मला ठरावीक फोन यायला लागतात. "दादा, पंधरा दिवस मस्त खात होतं, आता रातकिडा नाकासमोरून गेला तरी ढुंकून बघत नाही." फोन करणारा बहुतेक वेळा तोवर दोन प्रकारचे किडे बदलून बसलेला असतो आणि तिसऱ्या प्रकाराची ऑर्डर टाकलेली असते. पैसे जातात, कुरिअरमध्ये निम्मे किडे मरून येतात आणि पिल्लू तसंच फांदीला चिकटून बसलेलं असतं. माझ्या स्वतःच्या दोन पिल्लांवर आणि सोलापुरातल्या ओळखीच्यांच्या सात-आठ पिल्लांवर हाच त्रास मी निस्तरला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपल्या गावात पिल्लाने खाणं सोडलं तर किड्यांवर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा. आधी उष्णता, मग पाणी, मग बाकीचं.

हे सगळं व्हेल्ड कॅमेलिऑनबद्दल आहे, म्हणजे मूळचा येमेन-सौदी अरेबियातला, डोक्यावर तुरा असलेला सरडा. आपल्या माळरानावर दिसतो तो सरडगुहिरा, खेड्यात ज्याला गुहेरा म्हणतात, तो वेगळा. त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. तो विषारी असतो असं समजून लोक दगडाने ठेचतात. त्याच्यात विष अजिबात नसतं. जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी कॅमेलिऑन घरी असेल तर त्याची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती केली नसेल तर आधी ते काम मार्गी लावा.

लक्षणं नीट ओळखा

"खात नाही" या दोन शब्दांत चार-पाच वेगळे प्रकार असतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. म्हणून आधी लांब बसून वीस मिनिटं फक्त बघा.

पिल्लू किड्याकडे बघतच नाही, रंग फिका पडलाय, तोंड अर्धवट उघडं आहे: उकाडा. रंग गडद, अंग चपटं करून दिव्याकडे वळवलेलं: थंडी. डोळे खोल गेलेत, विष्ठेतला पांढरा भाग पांढरा न राहता पिवळा-नारिंगी झालाय: पाणी कमी. किड्याकडे दोन्ही डोळे रोखून बघतं, पुढे झुकतं आणि मग विचार बदलल्यासारखं मागे सरकतं: किडा मोठा आहे किंवा नीट दिसत नाही. जीभ सुटते पण किड्यापर्यंत पोचत नाही, किंवा किडा चिकटत नाही आणि हे वारंवार होतं: हा आजाराचा भाग आहे, लेखाच्या शेवटच्या 'इथे थांबा' या भागाकडे आधी जा.

आणि एक साधा प्रकार. अंगावरची कातडी पांढुरकी, कागदासारखी सुटायला लागली असेल तर पिल्लू कात टाकतंय. वाढत्या वयात हे दर तीन-चार आठवड्यांनी होतं. एक-दोन दिवस खाणं कमी होतं आणि आपोआप पूर्ववत होतं. यात काहीही करायचं नाही, कात ओढायची तर मुळीच नाही.

१. थर्मामीटर (खर्च दोन-तीनशे रुपये)

कॅमेलिऑनचं रक्त आपल्यासारखं एका तापमानाला राहत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढंच त्याचं पोट चालतं. पिल्लाला ऊन शेकायच्या फांदीवर २८ ते ३० अंश पुरतात, पिंजऱ्याच्या खालच्या भागात २३ ते २६, आणि रात्री त्याहून कमी. ज्या माहितीवरून लोक पिंजरा लावतात ती थंड देशातली असते, तिथे खोली २० अंशांची आणि दिवा हवाच. इथे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या खोलीत सावलीतही सुटका नाही. त्यात वर दिवा चालू! पिल्लाला पळायला जागाच उरत नाही. ते खाणं थांबवतं, कारण त्याची सगळी ताकद अंग थंड ठेवण्यात जाते.

जुळे सोलापुरातल्या एका घरी मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता गेलो होतो. वरच्या मजल्यावरची खोली, पिंजऱ्यावर ६० वॅटचा दिवा. तीन महिन्यांचं पिल्लू सगळ्यात खालच्या फांदीवर, तोंड उघडं, रंग कोवळ्या कैरीसारखा फिका. फांदीवर थर्मामीटर ठेवला, ४१ अंश दाखवले. दिवा बंद केला, पिंजरा खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत आणला, जाळीच्या एका बाजूवर ओला सोलापुरी टॉवेल टाकला. आपला जाड टेरी टॉवेल दोन-तीन तास पाणी धरून ठेवतो, पातळ फडकं अर्ध्या तासात कोरडं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या पिल्लाने सहा रातकिडे खाल्ले. तेच किडे, तीच वाटी.

तेव्हा मार्चच्या अखेरीपासून पाऊस पडेपर्यंत तापवणारा दिवा बंद ठेवा, फक्त उजेडाचा चालू. धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान, तिथे मधली खोली दुपारीही सुसह्य असते. कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. आणि खायला सकाळी साडेसात ते नऊच्या मध्येच द्या. दुपारी दिलेले किडे नुसते पिंजऱ्यात फिरत राहतात.

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, पहाटे पारा १४-१५ वर येतो. तेव्हा दिवा लागल्यावर तासभर थांबून मग किडे टाका. थंडीत या प्राण्याची जीभ बाहेर जोरात सुटते, कारण ती ताणलेल्या रबरासारखी साठवलेल्या ताकदीवर फेकली जाते. पण ती परत ओढणारा स्नायू थंडीत मंदावतो. पोटातलं पचनही मंदावतं. गारठलेल्या पिल्लाला भरवलं तर अन्न पोटात पडून राहतं.

२. पाणी

कॅमेलिऑन वाटीतलं साचलेलं पाणी बहुधा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब दिसला की तो पितो. सोलापुरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, माणसं बादल्या मोजून वापरतात, त्यामुळे "दिवसातून एकदा दोन फवारे मारतो" असं उत्तर मला बऱ्याचदा ऐकायला मिळतं. ते पुरत नाही. तहानलेलं पिल्लू खात नाही, कारण कोरड्या पोटात कोरडा किडा पचवायला पाणीच लागतं.

पाणी फार लागत नाही, वेळ लागतो. प्लॅस्टिकच्या कपाच्या बुडाला बारीक सुईने एक भोक पाडा, कप पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवा, खाली एखादं रुंद पान येईल असं बघा. दोन सेकंदांना एक थेंब पडला की झालं. अर्धा तास चालू ठेवायचं, सकाळी आणि संध्याकाळी. एका वेळेला पेलाभर पाणीही लागत नाही, आणि खाली ठेवलेल्या ताटलीत जमलेलं कुंडीला घाला. शिवाय सकाळी दिवा लागायच्या आधी दोन-तीन मिनिटं बारीक फवारा. बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग धरतात आणि फवाऱ्याचं तोंड बुजतं. पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरा.

सिरिंजने तोंडात पाणी मारू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचा आजार होतो, आणि तो भुकेपेक्षा वाईट.

डोळे खोल गेलेल्या पिल्लाला मी दोन दिवस फक्त पाण्याकडे लक्ष देतो, किडे नावाला. विष्ठेतला पांढरा भाग पुन्हा पांढरा झाला की भूक बहुतेक वेळा त्याच दिवशी येते.

३. किड्याचा आकार आणि वाटी

पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा लांब नको. हा नियम ऐकलेला सगळ्यांना असतो, पाळत कुणी नाही, कारण दुकानातून येणारे रातकिडे सगळ्या मापाचे असतात. मोठा, उड्या मारणारा रातकिडा लहान पिल्लाला अन्न वाटत नाही, शत्रू वाटतो. एकदा त्याने घाबरवलं की पुढचे दोन-तीन दिवस ते त्या वाटीकडे फिरकत नाही. चहाची गाळणी नाही, तर रव्याची मोठ्या भोकांची चाळण घ्या: डब्यात अंड्यांचा ट्रे झटका, चाळणीतून खाली पडतात ते पिल्लाचे, वर राहतात ते वाढवायचे. तीन महिन्यांच्या पिल्लाला सहा-सात मिलिमीटरचे पुरतात. दिवसाला दहा ते वीस, एरवी दोन वेळांत विभागून (उन्हाळ्यात सकाळीच), आणि पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढेच.

वाटी खोल, आतून गुळगुळीत आणि फिक्या रंगाची हवी. काळ्या वाटीत तपकिरी रातकिडा दिसतच नाही. हा सरडा वासावर नाही, डोळ्यांवर जेवतो. नेम धरताना दोन्ही डोळे एकाच किड्यावर आणतो. माझ्याकडे श्रीखंडाचा पांढरा डबा आहे. तो फांदीच्या पातळीला, पिल्लापासून वीतभर अंतरावर टांगतो. आत एक काडी तिरपी ठेवली की रातकिडे तिच्यावर चढतात, हलतात, आणि पिल्लाचं लक्ष जातं.

किडे पिंजऱ्यात मोकळे सोडायची सवय मला महागात पडली. पहिल्या पिल्लाच्या वेळी रात्री सात-आठ रातकिडे आत राहिले होते. सकाळी पिल्लाच्या मागच्या पायाच्या बोटाजवळ लालसर खाच, आणि शेजारच्या फांदीवर एक रातकिडा मिशा हलवत बसलेला. उपाशी रातकिडा झोपलेल्या पिल्लाला कुरतडतो. संध्याकाळी दिवा जायच्या आधी उरलेले किडे मोजून बाहेर काढा.

चिमट्याने भरवू नका. जीभ चिमट्यावर आदळून जखमी होते, आणि या प्राण्याची जीभ म्हणजेच त्याचा हात.

४. पिंजऱ्याची जागा

पूर्व भागातल्या एका घरी सगळं बरोबर होतं. तापमान, पाणी, किडे, वाटी. तरी पिल्लू आठवड्यातून एखाद्याच दिवशी पोटभर खायचं. त्या घरातल्या आजींनी मला सांगितलं, "कारखाना बंद असला की खातंय बघ ते." भिंतीच्या पलीकडे चार यंत्रमाग होते. पिंजरा त्याच भिंतीला टेकलेला, मागांची थरथर फांदीपर्यंत येत होती. मी फांदीवर बोट ठेवलं तर बोटाला जाणवत होती. पिंजरा समोरच्या भिंतीला, खाली जाड घडी घातलेल्या चादरीवर ठेवला. तीन दिवसांत फरक पडला. मला थर्मामीटर कळतो, पण ते आजींनी आधी पाहिलं होतं.

तसंच पंख्याचा वारा, टीव्ही, मांजर, आरशात किंवा काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब, समोर दुसरा कॅमेलिऑन: यांचाही असाच त्रास होतो. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात तर कधीच नको. एक खातं, दुसरं दबून राहतं. पिंजरा माणसाच्या छातीच्या वर ठेवा, आत दाट पानं हवीत, आणि नवीन आणलेल्या पिल्लाला आठवडाभर हातात घेऊ नका. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते हातात द्यायची हौस आवरा.

५. उजेड

कॅमेलिऑनला यूव्हीबी किरण (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) लागतात. त्यांच्याशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व (डी३) तयार होत नाही, आणि ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम हाडात पोचत नाही. कमतरता वाढली की जिभेचे आणि जबड्याचे स्नायू दुबळे होतात. मग पिल्लाला खायचं असतं, पण जमत नाही.

इथे तीन फसवणुका होतात. "यूव्ही" लिहिलेला जांभळा बल्ब बऱ्याचदा नुसता रंगीत असतो. पाणी शुद्धीकरण यंत्रातली यूव्ही नळी वेगळ्या किरणांची असते, ती डोळे आणि कातडी जाळते, तिचा विचारही नको. आणि खरी यूव्हीबी ट्यूब वर्षभरानंतर लखलखीत दिसत असली तरी तिच्यातले कामाचे किरण बरेच कमी झालेले असतात. विकत घेतल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. काचेतून हे किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीतलं ऊन उपयोगाचं नाही. जाळीच्या पिंजऱ्यात सकाळी नऊच्या आत पंधरा-वीस मिनिटं खरं ऊन द्या, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, आणि शेजारी बसून. काचेची पेटी उन्हात ठेवलीत तर ती भट्टी होते.

६. किडे आणि किड्यांचं पोट

आता किड्यांकडे वळा. रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असतं. म्हणून किड्याला आधी चोवीस तास चांगलं खाऊ घालायचं, मग तो पिल्लाला. मी ज्वारीचं पीठ आणि गव्हाचा कोंडा कोरडा ठेवतो, त्यावर शेवग्याचा कोवळा पाला आणि गाजराचे काप. पालक टाळतो, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. पाण्यासाठी ओला स्पंज. उघड्या पाण्यात रातकिडे बुडून मरतात.

कॅल्शियमची पूड (डी३ नसलेली) वाढत्या पिल्लाला रोजच्या किड्यांवर, आणि डी३ असलेली व जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा. पण किती? पोळी लाटताना पिठी लावतो ना, तेवढी. मी पाहिलेल्या दोन घरांत रातकिडे पिठात बुडवल्यासारखे पांढरेफटक होते आणि पिल्लं जीभ लावून ते थुंकत होती. किडे छोट्या डबीत घ्या, चिमूटभर पूड, दोनदा हलवा, बस. डी३ जास्त झालं तरी अपाय होतो, म्हणून "अजून थोडं" करू नका.

रोज तोच किडा असेल तर पिल्लू कंटाळतं, हे खरं आहे, पण वरची पाच कारणं तपासून झाल्यावर. तेव्हा लहान झुरळं (पाळलेली), छोटा नाकतोडा, किंवा तुतीची शेती करणारं कुणी ओळखीचं असेल तर लहान रेशीम अळ्या. रेशीम अळीसारखा मऊ आणि ओलसर खाऊ दुसरा नाही. रुसलेल्या पिल्लाने माझ्याकडे पहिल्यांदा तोंड उघडलं ते बहुतेक वेळा तिच्यासाठीच. मीलवर्म (पिठात वाढवतात ती अळी) अधूनमधून एखादा, रोजचं जेवण म्हणून नको.

शेतातले किडे आणू नका. आपल्या जिल्ह्यात डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांवर फवारणी चालूच असते, वारा ती बांधावरच्या गवतावरही नेतो. स्वयंपाकघरातलं झुरळ तर नकोच, त्याने शेजारच्या घरातलं औषध खाल्लेलं असू शकतं. आणि पावसाळ्याच्या तोंडाला काजवे दिसतात, लहान मुलं हौसेने पकडून आणतात. काजव्यात सरड्यांना मारणारं विष असतं. एकही आत जाऊ देऊ नका.

७. वजन

दागिने मोजतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या, दशांश ग्रॅम दाखवणारा. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, फांदीसकट वजन करून फांदीचं वजा करा आणि वहीत लिहा. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवडे जागच्या जागी राहिलं तर ते पुरेसं खात नाही, मग तुम्हाला काहीही वाटो. वजन चढतंय आणि एखाद दिवस खाल्लं नाही, तर निवांत राहा.

मादी असेल तर एक वेगळी शक्यता आहे. नराच्या मागच्या टाचेवर जन्मापासून बारीक काटा असतो, मादीला नसतो. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की नराशिवायही अंडी धरू शकते. अचानक खाणं सोडून ती खाली उतरून माती उकरत असेल तर फूटभर खोल ओलसर वाळूची बादली आत ठेवा आणि तिला एकटं सोडा. उकरतेय पण दोन दिवसांत अंडी नाहीत, आणि मलूल होतेय, तर डॉक्टर.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरचे प्रयोग बंद. जीभ बाहेर लोंबतेय, आत जात नाही, किंवा वारंवार सुटूनही किडा पकडत नाही. दिवसा डोळे मिटून बसतंय (निरोगी कॅमेलिऑन दिवसा झोपत नाही, कधीच). डोळ्यांभोवती सूज. पाय वाकडे, पकड सुटून फांदीवरून पडतंय, जबडा मऊ लागतोय. तापमान योग्य असताना तोंड उघडं, कडेला फेस किंवा चिकटा. पोट फुगलंय आणि विष्ठा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाने तापमान-पाणी सुधारूनही सलग तीन दिवस काहीच खाल्लं नाही. जंताचं औषध अंदाजाने देऊ नका, कॅल्शियम पाण्यात कालवून पाजू नका, तोंड जबरदस्तीने उघडून भरवू नका. मऊ झालेला जबडा तुमच्या बोटात मोडू शकतो.

एका पिल्लाच्या बाबतीत मी स्वतः पाच दिवस "उद्या खाईल" म्हणत थांबलो. जीभ अर्धी सुटत होती, मला दिसत होतं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत हाडं एवढी ठिसूळ झाली होती की ते वाचलं नाही. वहीत त्या पाच दिवसांच्या तारखा अजून आहेत.

गुरं-शेळ्या बघणारे आपल्याकडचे डॉक्टर मनापासून मदत करतात, पण सरडा सगळ्यांनीच हाताळलेला नसतो. म्हणून पिल्लू धडधाकट असतानाच सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधून त्यांचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पुण्यापर्यंत जावं लागलं तर अडीचशे किलोमीटर आहे. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा. पिल्लू हवेशीर लहान डब्यात, आत एक आडवी काडी आणि ओलसर कापड, डबा कापडाने झाकलेला, एसीच्या झोतासमोर नाही. सोबत त्याच दिवशीची विष्ठा बंद डबीत, वजनाची वही, वापरता त्या पुडींची पाकिटं आणि यूव्हीबी ट्यूबचा फोटो. डॉक्टर पहिले दहा प्रश्न यावरच विचारतात.

परत आल्यावर दोन दिवस कुणालाही दाखवू नका. पाण्याचा थेंब चालू ठेवा, वाटीत चारच लहान किडे टाका, आणि खोलीचं दार ओढून बाहेर बसा.